सौद्याचा गळा

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचे सौदे)

हळकुंड हातात घ्यायचं, मोडून आतला रंग बघायचा आणि भाव पुकारायचा. राजापुरी हळदीचे सौदे इथे तोंडी चालतात. भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, हवेत हळदीची धूळ, आणि त्या सगळ्या गलक्यावर आवाज चढवायचा तो पुकारणाऱ्याने. सांगली पडली नाट्यपंढरी, त्यामुळे गळा म्हटलं की इथे नट आठवतो, गायक आठवतो. सौदे काढणाऱ्याचा घसा बसला तर खडीसाखरेवर भागवतात. खरं तर त्याचाही आवाज तपासून घ्यायला हवा, तो असा.

(दृश्य: आवाज तपासणीची खोली)

तपासणी सुरू होते पंखा बंद करून. एसीही बंद. ती घरघर आवाजाच्या नोंदीत मिसळली की संगणकाला घशातलीच खरखर वाटते. माइक डोक्याला अडकवलेला, तोंडाच्या कोपऱ्यापासून 4 ते 10 सेंटिमीटरवर. थेट समोर नाही, बाजूला तिरका. समोर आला की श्वासाची फुंकर त्यावर आदळते. नोंद डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, सेकंदाला 44,100 नमुने. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप इथे चालत नाही. फोन गोंगाट कापतो आणि त्याच्यासोबत श्वासाची गळतीही कापतो, म्हणजे जे शोधायचं तेच गायब.

(दृश्य: स्क्रीनवर आवाजाच्या लाटा, जवळून)

नेहमीच्या सुरात, नेहमीच्या जोरात "आ" धरायचा, तीनदा. सुरुवात आणि शेवट सोडून मधला स्थिर तुकडा घ्यायचा. पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा कंप पावतात, बाईचे 180 ते 230 वेळा. एका लाटेचा कालावधी शेजारच्या लाटेपेक्षा किती हलतो, तो जिटर. उंची किती हलते, तो शिमर. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोरस्मा आणि डेव्हिड वीनिंक यांचं 'प्राट' हे फुकट सॉफ्टवेअर दोन्ही आकडे क्षणात काढून देतं.

क्षणात देतं, हीच पंचाईत आहे. पुरुषाच्या आवाजासाठी सुराची मर्यादा 75 ते 300 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपांच्या) आसपास लावली नाही, तर कधी सूर दुप्पट दिसतो, कधी निम्मा. आवाज फारच फाटलेला असेल तर एक लाट कुठे संपली नि दुसरी कुठे सुरू झाली, हेच ठरत नाही. जिटर 5 टक्क्यांच्या वर गेला की तो अहवालात लिहूच नये; तीन दशांश स्थळं छापून आली म्हणून आकडा खरा होत नाही. तिथे सेप्स्ट्रल पीक प्रॉमिनन्स वापरायचं. ते एकेक लाट मोजत बसत नाही, सूर गोंगाटातून किती वर उठतो ते सांगतं, आणि वाक्य बोलतानाही चालतं.

शिवाय कान आहेतच. एकूण बिघाड, खरखर, आवाजातला वारा, अशक्तपणा, ताण: प्रत्येकाला 0 ते 3 गुण. कान आणि आकडा जुळत नसतील तर आधी नोंद तपासायची.

(दृश्य: हातात स्टॉपवॉच)

छातीभर श्वास, आणि "आ" टिकेल तितका. निरोगी पुरुष 20 सेकंदांच्या आसपास जातो. 10 च्या आत संपला तर तंतू नीट मिटत नसावेत किंवा श्वासच अपुरा असावा. यातलं कुठलं, ते पुढच्या चाचणीत कळतं: आधी "स्स्स", मग "झाड"मधला घुमणारा "झ". "स"ला तंतू लागत नाहीत, "झ"ला लागतात. "स" जवळपास 1.4 पटीहून जास्त टिकला तर हवा तंतूंमधून गळतेय. लोक मात्र "झा, झा, झा" म्हणतात, म्हणून आधी स्वतः करून दाखवावं लागतं.

(दृश्य: स्ट्रोबोस्कोपी)

जीभ गॉजने धरून 70 अंशांची दुर्बीण आत, आणि "ई" म्हणायला सांगतात. दिवा तंतूंच्या गतीपेक्षा किंचित वेगळ्या गतीने लुकलुकतो, म्हणून कंप असा संथ दिसतो. तंतूंच्या दोन्ही कडांवर समोरासमोर हे उंचवटे. मिटतानाही त्यांच्या पुढे-मागे फट उरते. गाठ आहे की आणखी काही, हे आकडा सांगत नाही, हे चित्र सांगतं. चार आठवड्यांत घसा सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यायचंच. तंबाखू असेल तर तेवढंही थांबायचं नाही, कॅन्सरची सुरुवात अशीही होते.

उपचारानंतरची नोंद त्याच खोलीत, त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून. माइक बदलला की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना होत नाही. आणि सौदे काढणाऱ्यांची पहिली नोंद हंगामाआधी, घसा मोकळा असतानाच घेऊन ठेवायची.