प्रति श्वान दर

(दृश्य: पहाट. सोलापूर, अशोक चौकामागची गल्ली. बंद दारांआडून मागांचा खडखडाट.)

पहाटेचे साडेपाच. पूर्व भागात रात्रपाळी अजून सुटलेली नाही. दाराआड टॉवेलचे माग चालू आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी कुत्री पकडणारी पालिकेची जाळीची गाडी येऊन थांबते. माणसं खाली उतरायच्या आत निम्मी गल्ली रिकामी होते. गाडीचा आवाज कुत्र्यांना पाठ आहे.

एक जण गटाराच्या बाजूनं, दुसरा हातगाडीच्या आडून. जाळी फेकली जाते. चार पळतात, एक सापडतं. पिवळसर कुत्री, एका डोळ्याखाली जुना व्रण. आज बिल मांडायचं आहे ते हिचं.

(दृश्य: पिंजरा, शस्त्रक्रियेचं टेबल, कानाजवळ कात्री.)

गाडी, डिझेल, चालक, पकडणारे. मग डॉक्टर, भूल, नसबंदीची शस्त्रक्रिया, रेबीजची लस. भुलीत असतानाच कानाला एक छेद, म्हणजे पुन्हा हिला कुणी उचलायचं नाही. जखम भरेपर्यंत तीन-चार दिवस पिंजरा, खाणं, साफसफाई. आणि शेवटी तीच गाडी, तोच रस्ता, तीच गल्ली. कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, हा नियम 2001 पासूनचा. 2023 मध्ये नवे नियम आले, त्यांतही तो कायम राहिला.

गल्लीला हे पटत नाही. गाडीचं दार उघडलं की कुणीतरी ओरडतंच, ‘‘नेलं ते नेलं, परत कशाला आणून सोडलाय ओ?’’ उत्तर सोपं आहे, पण पहाटे गाडीजवळ उभं राहून द्यायला अवघड. गल्ली मोकळी केली की शेजारच्या गल्लीतली कुत्री आत येतात, बिनलसीची, बिनशस्त्रक्रियेची. लस टोचलेली कुत्री तिथंच राहिली तर ती आपली हद्द सांभाळते.

हा सगळा खर्च निविदेत एका ओळीत बसतो: ‘प्रति श्वान दर’. आणि दर नगावर आला की नग मोजावे लागतात. किती शस्त्रक्रिया झाल्या हे कागदावरून कसं कळणार? म्हणून काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये जपून ठेवायचे आणि तपासणीच्या वेळी मोजून दाखवायचे. प्लॅस्टिकची बादली, उग्र वास, हातमोजे घातलेला माणूस, एक... दोन... तीन... शहरातल्या उपद्रवाचा हिशेब शेवटी या बादलीत येतो.

(दृश्य: जुन्या मुंबईची रेखाचित्रं.)

डोक्यामागे पैसे ही पद्धत जुनीच. 1832 साली मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. आठ आणे मोठी रक्कम. शिपाई मग रस्त्यावर थांबले नाहीत, लोकांच्या घरातून पाळलेली कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाज भडकला, बाजार बंद पडले, छावणीची रसद अडवली गेली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. आठ आण्यांचा दर सरकारला भलताच महाग पडला.

आज मारत नाहीत. पण नगाचा दर नगासारखाच वागतो. गरीब, माणसाळलेलं कुत्रं आणि तीन वेळा जाळीतून निसटलेली हुशार कुत्री, दोघांना पैसे सारखेच. मग आधी कोण गाडीत जाईल, हे सांगायला नको. मागे उरतात त्या हुशार माद्या.

समजा, एका गल्लीत दहा कुत्री आहेत, त्यांत पाच माद्या. दोघींची शस्त्रक्रिया झाली, तीन राहिल्या. मादी वर्षातून दोनदा विऊ शकते, गाभण राहिल्यावर दोन महिन्यांत. एका वेताला चार पिल्लं धरली तर वर्षात चोवीस. निम्मी गाडीखाली नाहीतर आजारानं गेली असं धरलं, तरी बारा उरतात. दोन शस्त्रक्रियांचे पैसे खर्ची पडले आणि गल्लीत कुत्री आधीपेक्षा जास्त. रेबीजची साखळी तुटायला शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीसवर थांबलेल्या कामाला तीसाचं फळ मिळत नाही. जवळपास काहीच मिळत नाही.

आणि इथं सत्तरपर्यंत पोचायचं म्हणजे किती फिरायचं? 1992 च्या हद्दवाढीत सोलापूर 33 चौरस किलोमीटरवरून 178 वर गेलं. हद्द एका कागदानं वाढते. गाडी, डॉक्टर, पिंजरे कागदानं वाढत नाहीत.

(दृश्य: सिव्हिलमधली रांग. प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर.)

बिलाचा दुसरा भाग निविदेत येत नाही. रात्रपाळीहून सायकलवर घरी निघालेला कामगार, पिंडरीला दात. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. पण पहिल्या दिवशी, मग त्यापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी रांगेत उभं राहायचं, आणि जखम खोल असेल तर वेगळं सिरम. मागावर मजुरी कामावर. विडीवाल्या मावशीची तर हजार विड्यांवर. ती रांगेत उभी असते तेवढा वेळ घरातलं सूप रिकामं, तेंदूची पानं वाळत पडलेली. या खाड्याला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही.

(दृश्य: नाल्याकाठचा ढीग.)

कुत्री इथं का जमतात हे पाहायला संध्याकाळी नाल्याकाठी यावं. कोंबडीच्या दुकानातली आतडी, पिसं, पाय गोणीत भरून कुणीतरी टाकून जातं. सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा आहे, 1860 च्या दंडसंहितेपासून. दंड तेव्हा ठरला तो जास्तीत जास्त दोनशे रुपये. तेव्हाचे दोनशे म्हणजे बरंच काही. पण तो आकडा 30 जून 2024 पर्यंत तसाच राहिला. आता नव्या संहितेत हजार. ते वसूल करायचे तर पंचनामा, साक्षीदार, तारखा. दंडापेक्षा वसुलीचा खर्च मोठा, म्हणून गोणी पडत राहते. माझ्या मते त्या नाल्यावर रोज संध्याकाळी फेरी मारणारी एक कचऱ्याची गाडी डझनभर शस्त्रक्रियांपेक्षा स्वस्त पडेल. पण तिचा ‘प्रति श्वान’ हिशेब कुणी लावायचा?

‘पैसे नाहीत’ ही सबब मात्र कायद्यात चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेनं ती सांगून पाहिली होती, उघड्या गटारांच्या खटल्यात. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. उपद्रव दूर करणं हे पालिकेचं कर्तव्यच, तिजोरी कशीही असो.

(दृश्य: चौथ्या दिवसाची पहाट. तीच गल्ली.)

गाडी येते. दार उघडतं. पिवळसर कुत्री उडी मारून उतरते, अंग झटकते, सरळ ओळखीच्या ओट्याकडे. कानाचा छेद अजून लालसर आहे. ओट्यावरची मावशी तिच्याकडे बघते, काही बोलत नाही, कडक भाकरीचा तुकडा मोडून टाकते.

तुकडा पडतो तसा हातगाडीखालून आणखी कोणीतरी बाहेर येतं. चार पिल्लं. आठ कान, सगळे शाबूत.