राणीछाप रुपया घासायचा की नाही? जुनी नाणी अशी जपा

नमस्कार मंडळी! दिवाळी जवळ आली की कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "आजीचा राणीछाप रुपया लक्ष्मीपूजनाला ठेवायचाय, काळा पडलाय, चिंचेने घासू का?" नका घासू. अजिबात नका.

नाणं हाताळायचं कसं, ते झटपट सांगतो. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून नाणं कडेने धरा. चित्रावर, अक्षरांवर बोट नको. खाली जाड टॉवेल अंथरा. नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीच्या बारीक थेंबाचाही डाग पडतो. झालं एवढंच.

आता घासण्याकडे येऊ. राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला, ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. हवेतल्या गंधकामुळे वरची चांदी काळवंडते. म्हणजे तो काळा थर बाहेरून बसलेला मळ नव्हे, नाण्याच्याच चांदीचा बनलेला आहे. पावडरने तो खरवडलात की चांदीच गेली. दर दिवाळीला हेच करा, राणीच्या केसांच्या बटा सपाट होतील.

"मी पावडर नाही वापरत, फक्त लिंबू चोळतो," असंही एका ताईंनी लिहिलंय. ताई, तांब्याच्या नाण्यावर तर लिंबू फार वाईट! एका प्रदर्शनात एक काका मला शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, दाखवायला आले. रात्रभर चिंचेत ठेवलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपती', पण रंग नव्या तारेसारखा गुलाबी आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे. इतक्या वर्षांत चढलेला तपकिरी थर गेला तो गेलाच, पुन्हा तसा आणता येत नाही. काका विचारत होते, आता किंमत किती येईल? मला सांगवेना. जाणकार संग्राहक घासलेलं नाणं बघताक्षणी ओळखतो.

"पण आई म्हणते काळं नाणं पूजेत चालत नाही." आईंचा मान राखूया. अभिषेकाला नवं चांदीचं नाणं घ्या, पंचामृत, हळदकुंकू त्यावर. आजीचा रुपया डबीत बंद करून शेजारी ठेवा. पूजा होईल आणि रुपयाही तसाच राहील. फक्त धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, मऊ कापडाने टिपा. टिपायचं, पुसायचं नाही.

ठेवायचं कुठे? मऊ, उग्र वासाचं प्लास्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी. त्यातून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. घेताना दुकानदाराला मायलरचे, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पॉलिस्टर प्लास्टिकचे होल्डर मागा. रबरबँड नको, त्यातही गंधक असतं. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर मात्र थांबू नका. क्लोराइडमुळे होणारा तो गंज दमट हवेत नाणं आतून पोखरत जातो. घट्ट बसलेला गुळगुळीत हिरवट थर वेगळा, त्याची काळजी नको. पूड दिसलेलं नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं काढा, सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. फोटो मला पाठवायचा असेल तर दोन्ही बाजूंचा, खिडकीच्या उजेडात काढलेला पाठवा.