तोगाकुशी: दार दडवणाऱ्या डोंगराखाली

(पडद्यावर धुकं. ओल्या मातीवर पावलांचा आवाज.)

जपानमधल्या नागानो स्टेशनवरून सुटलेली बस तासभर वळणं घेत चढते आणि एका लाकडी तोरीपाशी, म्हणजे देवस्थानाच्या कमानीपाशी, आपल्याला उतरवून निघून जाते. समोर सरळसोट पायवाट. देऊळ अजून 2 किलोमीटर आत आहे.

तोगाकुशी या नावातच गोष्ट आहे. ‘तो’ म्हणजे दार, ‘काकुशी’ म्हणजे दडवणं. सूर्यदेवी आमातेरासु भावाच्या दांडगाईला कंटाळून गुहेत जाऊन बसली, तिने आतून शिळा लावून घेतली आणि जगात अंधार झाला. देवांनी बाहेर नाचगाण्याचा असा काही धुमाकूळ घातला की, एवढं चाललंय तरी काय, म्हणून तिने दार किलकिलं केलं. दबा धरून बसलेल्या बलदंड देवाने, ताजिकाराओने, ती शिळा उपटून भिरकावली. ती इथे येऊन पडली, तिचाच हा डोंगर झाला म्हणतात. वर दिसणारी करवतीसारखी कड बघितली की गोष्ट खोटी वाटत नाही.

इथे एक देऊळ नाही, पाच आहेत, डोंगरउतारावर विखुरलेली. त्यातल्या सगळ्यात वरच्या ओकुशाकडे आपण निघालोय. तिथे तोच ताजिकाराओ आहे. ज्या देवीच्या नाचाने दार उघडलं तिचंही देऊळ खाली आहे. आणि तरी एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळापर्यंत बायकांना ओकुशापर्यंत जायला मनाई होती. वाटेत हद्दीचा दगड होता, तिथूनच नमस्कार करून त्यांनी परतायचं. सूर्यदेवीच्या दारात ही तऱ्हा!

(लाल दरवाजा. छपरावर उगवलेलं गवत.)

निम्म्या वाटेवर झुइशिनमोन. गवताने शाकारलेला लाल दरवाजा, आणि त्या छपरावर पुन्हा गवत आणि नेचे उगवलेले. हे ठिकाण शेकडो वर्षं बौद्ध मठही होतं आणि शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवांचं, देवस्थानही. डोंगरात खडतर तप करणारे यामाबुशी इथे राहायचे. 1868 मध्ये सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला, आणि या दरवाजातल्या बौद्ध द्वारपालांना जावं लागलं. आता शिंतो रक्षक बसलेत. दरवाजा मात्र जुनाच.

त्यापलीकडे पाऊल टाकलं की बोलणं आपोआप थांबतं.

(इथे निवेदन थांबवावं. फक्त जंगलाचा आवाज.)

दोन्ही बाजूंना सुगीचे वृक्ष. जपानी देवदार म्हणा हवं तर. वय चारशे वर्षांहून जास्त, रांग जवळपास अर्धा किलोमीटर. बुंधे एवढे रुंद की मागे माणूस उभा असला तर कळणार नाही. कोकणातली देवराई पाहिलेल्याला ही गार, ओली शांतता ओळखीची वाटेल. कुऱ्हाड न लागलेल्या रानाचा वास सगळीकडे सारखाच असावा. फक्त इथे झाडं शिस्तीत उभी आहेत, कारण ती माणसांनी लावलेली आहेत.

शेवटी दगडी पायऱ्या. दम लागतो. देऊळ अगदी साधं, कड्याला पाठ टेकून बसलेलं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. शेजारी कुझुर्यूचं देऊळ, नऊ डोक्यांचा नाग. तो पावसाचा देव, आणि दातदुखीचाही! त्याला नाशपती आवडते, म्हणून दात दुखणारे नाशपती खाणं सोडायचे. काशीला जाऊन आवडतं फळ सोडून येणाऱ्या आपल्या आजीला हे लगेच पटलं असतं.

(खाली गाव. धुराडं. पीठ मळणारे हात.)

आता भूक लागली आहे, आणि इथली भूकही त्याच यामाबुशींच्या वाटेने जाते. तपाच्या काळात ते पंचधान्य सोडायचे. मग खायचं काय? सोबा, म्हणजे कुट्टू. ते पीठ पाण्यात कालवून, न शिजवता. उत्तरेत नवरात्रात कुट्टू चालतो तो याच हिशेबाने: तो धान्यात मोजत नाहीत. हजार मीटरच्या वरची ही थंड, धुक्याची जमीन भाताला नकोशी, कुट्टूला मात्र मानवते.

या पिठाला विरी नसते. विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापून बघितलेल्याला हे दुखणं माहीत आहे. म्हणून बहुतेक जण थोडा गव्हाचा आटा मिसळतात. इथे एकाच लांब लाटण्याने पोळीसारखा गोल लाटतात, घडी घालतात, आणि सुरीने दोऱ्यासारखं बारीक कापतात. या शेवयांनाही सोबाच म्हणतात. उकळून काढल्यावर लगेच डोंगराच्या गार पाण्यात.

बांबूच्या गोल टोपलीत पाणी फारसं न निथळता, छोट्या छोट्या जुड्या मांडून वाढतात. या जुडीला ‘बोच्ची’ म्हणतात. बहुधा पाच असतात. पाच देवळांच्या पाच, असंही सांगतात. टोपलीही इथलीच. बर्फाच्या ओझ्याने बुडाशी वाकणाऱ्या बारीक बांबूची. त्याच बांबूचे कोवळे कोंब उन्हाळ्याच्या तोंडावर मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात पडतात, आणि सोबत डब्यातला बांगडा. समुद्र नसलेल्या मुलखात बांगडा! कोकणी माणसाने नाक मुरडायच्या आधी एक घोट घेऊन बघावा.

सोबा मात्र गारच. वासाबीचं झणझणीत हिरवं वाटण, कांद्याची पात, किसलेला तिखट मुळा. चटणीपाण्यात जेमतेम बुडवायचा आणि खुशाल भुरका मारायचा. इथे आवाजाला कुणी हसत नाही. पहिला घास वाटतो बेचव. तिसऱ्या घासाला मातीचा, भाजल्यासारखा वास नाकात चढतो.

जेवण संपत आलं की एक किटली येते. त्यात सोबा उकळल्याचं दुधट पाणी. उरलेल्या चटणीपाण्यात ते ओतायचं आणि प्यायचं, भाताच्या पेजेसारखं.

बाहेर धुकं पुन्हा उतरलंय. डोंगर दिसत नाही. वाटी दोन्ही हातांत धरून बसावं, बसला अजून वेळ आहे.