बर्फाखालची आरण

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरी बटाट्याची टोपली कुठे असते? ओट्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, कांद्यापासून जरा लांब. होय ना? मी आज ज्या गावाबद्दल सांगणार आहे, तिथे ती टोपली दीड मीटर बर्फाखाली असते. बर्फात नाही हं, बर्फाखाली. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

गावाचं नाव कुत्चान. जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचं मोठं बेट आहे, तिथलं हे गाव. वस्ती 15 हजारांच्या आसपास. एका बाजूला योतेई हा ज्वालामुखी, 1898 मीटर उंच, शंकूसारखा, एकटाच उभा. दुसऱ्या बाजूला निसेकोचे डोंगर आणि त्यांच्यावर स्कीचे लांबच लांब उतार. मधल्या जमिनीत उन्हाळाभर बटाटा. म्हणजे एकाच गावाची दोन पिकं, बटाटा आणि बर्फ.

माझा भाऊ त्याच बेटावरच्या साप्पोरो शहरात नोकरीला असतो. त्याच्याकडे आई आणि मी 2025 च्या फेब्रुवारीत गेलो होतो. तिथून दोघीच दोन दिवसांसाठी कुत्चानला निघालो. ओतारूहून दोन डब्यांची डिझेल गाडी मिळाली. योइचीच्या सफरचंदांच्या बागा बर्फात उभ्या होत्या, नुसते काळे खराटे. बुलेट ट्रेन साप्पोरोपर्यंत पोचली की या मार्गाचा हा भाग बंद करायचं 2022 मध्ये ठरलं आहे. मला ते फार लागलं. मुलुख बघायचा असेल तर स्टेशनास्टेशनाला थांबणारी गाडीच हवी, मग तो जपान असो नाहीतर आपलं कोकण.

तिथे एवढा बर्फ का पडतो, हे आपल्या माणसाला चटकन कळेल. सह्याद्री पावसाचं जे करतो, तेच ते डोंगर बर्फाचं करतात. सैबेरियाचा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतो, डोंगराला आडतो आणि सगळं तिथेच टाकतो. हिवाळाभरात पडलेल्या बर्फाची बेरीज 10 मीटरच्या घरात जाते. तो इतका हलका आणि कोरडा असतो की जगभरातून लोक त्यावर घसरायला येतात. लेर्ख नावाचा एक ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी 1912 च्या एप्रिलमध्ये स्की घेऊन योतेईवर चढला, तेव्हापासून या भागाला स्कीचा नाद आहे. शेतकऱ्यांपैकी कितीतरी जण हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणारी यंत्रं चालवतात, नाहीतर स्कीच्या पाळण्यांवर कामाला जातात.

आता मला जे सांगायचंच आहे ते सांगते.

आम्ही उतरलो होतो एका शेतकरी बाईंच्या घरी. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या चार खोल्या, खाली त्या एकट्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, कमरेत किंचित वाकलेल्या. आई पहिल्याच दिवशी त्यांना अक्का म्हणायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी पान मांडलं. गरम भात, भाजलेला मासा, मिसोचं सूप. आणि आई हात जोडून बसून राहिली. 26 फेब्रुवारी, महाशिवरात्र. आईने आयुष्यात हा उपवास मोडलेला नाही.

अक्का घाबरल्या. त्यांना वाटलं, पाहुणीला बरं नाही. त्यांनी आईच्या कपाळाला हात लावला. मी फोनमध्ये बोलून सांगितलं, आज देवाचा दिवस आहे, भात चालत नाही, मासा चालत नाही. अक्कांनी ते दोनदा ऐकलं. मग हळूच विचारलं, "इमो?" इमो म्हणजे कंद. बटाटा, रताळं, सगळं इमो. मी म्हटलं, हो हो, इमो चालतो!

अक्कांनी एप्रन काढला, गमबूट चढवले, दोन फावडी घेतली आणि दार उघडलं. परसात सगळं पांढरं, कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. मध्येच बांबूची एक काठी उभी होती, तिच्या टोकाला लाल चिंधी. अक्का तिथे गेल्या आणि खणायला लागल्या. आई एवढी अडुसष्ट वर्षांची, तीही मागोमाग. मी थांब म्हणेपर्यंत तिने दुसरं फावडं उचललं होतं. आणि बरोबरच केलं. कुणाच्या घरी उतरलं तर हात चालवावा. पाहुणा म्हणून नुसतं बसून राहणं मला कधीच पटलेलं नाही.

वरचा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा. हातभर खाली गेल्यावर तो दाबलेल्या मिठासारखा झाला, अक्का त्याच्या चौकोनी वड्या कापून बाजूला ठेवायच्या. छातीइतकं खोल गेल्यावर ताडपत्री लागली. तिच्याखाली वाळलं गवत, गवताखाली लाकडी खोकं, आणि खोक्यात बटाटे. आईने खाली वाकून हात घातला आणि मला म्हणाली, "अगं, माती मऊ आहे!" खरंच मऊ होती, ओलसर, वास येत होता. बाहेर पारा शून्याखाली आठ, आणि त्या खड्ड्यात माती गोठलेली नाही. आईने एक बटाटा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला, डोळे पाहिले. एक मोड नाही, एक सुरकुती नाही. शरदात काढलेला बटाटा!

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. तिकडच्या श्रोत्यांना सांगायला नको, आपल्याकडे बटाटा काढला की आरण लावतात. सावलीला ढीग, वरून पाला, गवत, म्हणजे उन्हाचा ताप लागत नाही. आई त्या खड्ड्यात बघत म्हणाली, "ही तर आरणच आहे." आपली आरण उन्हापासून राखते, त्यांची गोठण्यापासून. वर बर्फाची गोधडी. गोधडीत अडकलेली हवा जशी ऊब धरते, तशी बर्फातली हवाही धरते. म्हणून म्हटलं, बर्फात नाही, बर्फाखाली. बर्फाबाहेर बटाटा राहिला तर गोठून काळा पडतो. बर्फाखाली तो शून्याच्या जरा वर निवांत राहतो आणि त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते.

अक्कांनी बटाटे सालासकट उकडले. सालासकटच उकडावेत, चिरून पाण्यात टाकले की चव पाण्यात जाते, हे मी घरी रोज सांगते. वर फुलीसारखी चीर देऊन लोण्याचा तुकडा. स्वतःच्या बटाट्यावर त्यांनी खारवलेलं माकुळ, म्हणजे स्क्विड, घेतलं, तिकडची ती आवडती जोडी. मग आईने पिशवीतून दाण्याचं कूट, जिरं आणि सैंधव काढलं. लोणी कढवून तूप केलं, त्यात जिरं, मिरची टाकली आणि बटाट्याची भाजी परतली. सवयीने साखरेकडे हात गेला, तर आधी एक फोड चाखली आणि हात मागे घेतला. म्हणाली, "नको. याच्यातच आहे."

त्या बटाट्याचं नाव दान्शाकु, म्हणजे सरदार. कावादा र्योकिची या सरदारपदाच्या गृहस्थांनी 1908 मध्ये परदेशी बेणं आणून हाकोदातेजवळ लावलं, त्यातला हा वाण तगला आणि त्यांच्या पदवीनेच ओळखला जाऊ लागला. आपल्याकडच्या कुफरी ज्योतीचं नावही असंच, सिमल्याजवळच्या कुफरीवरून आलेलं. कुफरीलाही बर्फ पडतो आणि तिथेही लोक स्की करतात. बटाट्याला थंडी मानवते, एवढंच.

निघताना अक्कांनी आईच्या ओंजळीत चार बटाटे ठेवले. आईच्या डोळ्यांत मला आमचं शेत दिसलं, तिला ते लावून बघायचे होते. पण असं बेणं परवान्याशिवाय देशात आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे, एका बटाट्याबरोबर आलेला रोग पूर्ण पठार बसवू शकतो. मी तिला तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. परसात गेली, खड्ड्यात उतरली, चारही बटाटे खोक्यात ठेवले, गवत सारखं केलं, ताडपत्री ओढली. मग दोघींनी मिळून वर बर्फ लोटला आणि आईने काठीची लाल चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधली.