शेड्यूलर सुधारला, पण कशावरून?

शेड्यूलर, म्हणजे कुठल्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग, कसा लिहावा हे मी आज सांगणार नाही. तो सुधारला हे कशावरून म्हणायचं, एवढंच सांगणार आहे. लिनक्समध्ये २००७ साली इंगो मोल्नारचा सीएफएस हा शेड्यूलर आला आणि २०२३ मध्ये, ६.६ आवृत्तीपासून, त्याच्या जागी ईईव्हीडीएफ. हा इतिहास इथं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट माझ्या एका पॅचकडे येतो.

झोपलेला, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबलेला, टास्क जागा झाला की त्याला प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर बसवायचं, हे ठरवणाऱ्या कोडमध्ये मी थोडा बदल केला होता. मूळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोजला तो मे महिन्यात, भर दुपारी, पुण्यात गच्चीखालच्या खोलीत. लॅपटॉपला हात लावला तर चटका बसायचा. मग नवा कर्नल बिल्ड करायला टाकला, जेवणं झाली, रात्री अकराला चाचणी लावली. हॅकबेंच, म्हणजे शेड्यूलरवर ताण टाकणारा चाचणी प्रोग्रॅम, ७ टक्के लवकर संपला! दहा वेळा चालवला, दहाही वेळा तेच. त्या रात्री आनंदानं मला झोप आली नाही.

सकाळी टीममध्ये आकडे दाखवले. एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "जुना कर्नल रात्री चालवून पाहिलास का?"

चालवला. जुनाही रात्री जवळपास तेवढाच पळाला. दुपारी प्रोसेसर तापून टर्बोवरून, म्हणजे वाढीव वेगावरून, खाली येत होता, रात्री येत नव्हता. म्हणजे मी शेड्यूलर नाही, खोलीचं तापमान मोजलं होतं. दहा वेळा मोजलं म्हणजे खात्री झाली, असं मी तोवर मानत होतो. पण दहाही वेळा काटा एकाच बाजूला झुकलेला असेल, तर शंभरदा मोजूनही तेच येणार.

आणि हे फक्त उन्हाळ्याचं नाही. २००९ मध्ये मायटकोविझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे लॉगिनच्या नावासारखी जी माहिती सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला देते तिची, लांबी बदलली तरी प्रोग्रॅमचा वेग बदलतो. आपल्याकडे तर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं जोडून लॉगिन करतात! (हशा)

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. कबूल केलेलं आता भराभर सांगतो.

जुना आणि नवा कर्नल आलटूनपालटून चालवा. मध्ये रीबूट करा, कारण एकाच बूटमधल्या दहा फेऱ्या एकमेकींसारख्याच येतात. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा, टर्बो बंद करा. नंतर एकदा टर्बो चालू ठेवूनही मोजा, कारण लोक मशीन तसंच वापरतात.

सरासरीवर थांबू नका. सीईटीमुळे पर्सेंटाइल आपल्या घराघरात पोचलंय. तेच इथं लावा. एससीएचबेंच (schbench) या चाचणीत जाग येण्याच्या लेटन्सीचा, म्हणजे विलंबाचा, ९९वा पर्सेंटाइल बघा. शंभरातल्या ज्या एका वेळी टास्क त्याहूनही जास्त ताटकळतो, त्याच वेळी माणसाला कॉलमधला आवाज तुटलेला ऐकू येतो.

तिसरं, आकड्याबरोबर चित्रही बघा. २०१६ च्या 'डिकेड ऑफ वेस्टेड कोअर्स' या शोधनिबंधात रांगेत टास्क उभे असताना कोअर रिकामे बसलेले सापडले. नेहमीच्या साधनांत ते दिसत नव्हतं. प्रत्येक कोअरची रांग वेळेनुसार रंगवल्यावर दिसलं. तुमच्याकडे लिनक्सची 'पर्फ शेड टाइमहिस्ट' ही कमांड आहे. त्यात टास्क जागा झाल्यापासून कोअर मिळेपर्यंतच्या विलंबाचा वेगळा रकाना असतो. तो वाचा.

माझा पॅच मी या पद्धतीनं पुन्हा मोजला. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि फेऱ्यांमधला चढउतार त्याहून मोठा. पॅच पाठवला नाही.