झबलं वर करा

संध्याकाळचे सहा. ठाण्यातल्या वागळे इस्टेटचं किसननगर. भाजीच्या गाड्या, रिक्षांची रांग आणि दोन दुकानांच्या मधोमध लहान मुलांचा हा दवाखाना. दाराशी चपलांचा ढीग. निम्म्या चपला बोटभर लांबीच्या, आणि एकही जोडी जागेवर नाही.

डॉक्टरबाईंच्या आधी काटा. ताई तबकात धुतलेलं फडकं घालतात, काटा शून्यावर आणतात, मग बाळ. बाळ पाय झाडतं, आकडा नाचतो. तो थांबेपर्यंत ताई हात मागे घेऊन उभ्या.

'७ किलो २००.'

'घरच्या काट्यावर जास्त भरलेलं हो,' आजींची तक्रार.

'आजी, दुपट्यासकट ठेवलं असणार तुम्ही!'

आता कार्ड. कार्डावर आजचा ठिपका. एकट्या ठिपक्यावरून काहीच कळत नाही, तो मागच्या ठिपक्याला जोडावा लागतो. जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. रेघ आडवी पडायला लागली, की डॉक्टरबाई विचारतात, 'वरचं काय देता?' चहात बुडवलेलं बिस्किट, हे उत्तर आम्ही एका संध्याकाळीत तीनदा ऐकलं.

कोपऱ्यात फ्रिज. यात पाण्याची बाटली नाही, कुणाचा डबा नाही, आणि दाराच्या कप्प्यात लस नाही. तापमान २ ते ८ अंश. लस उकाड्याने खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस तर सगळ्यांत आधी. पण पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस, गोठली तरी वाया जाते. म्हणून ती बर्फापासून लांब. कुपीवरचं हे चिन्ह जवळून पाहा. वर्तुळ, आणि त्यात चौकोन. चौकोन फिकट आहे तोवर कुपी वापरायची. ऊब लागून लागून तो वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद.

(निवेदन नाही. पोलिओचे थेंब. बाळाचा चेहरा.)

पुढचं बाळ आठ महिन्यांचं. तीन दिवस खोकला.

'झबलं वर करा.'

स्टेथोस्कोप गळ्यातच आहे. डॉक्टरबाईंची नजर बाळाच्या पोटावर, मधूनच मनगटावरच्या सेकंदकाट्यावर. श्वास मोजायचे ते पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर फसायला होतं, कारण एवढ्याशा बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. रडलं, की थांबायचं. आईने शांत करायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाहेर गर्दी चुळबुळते आहे. हे मिनिट आम्ही कापलेलं नाही.

(निवेदन नाही. ६० सेकंद. पंख्याचा आवाज.)

४४.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा इथवर पोचला, किंवा श्वासागणिक छाती आत ओढली जायला लागली, की न्यूमोनियाची शंका धरायची. या बाळाचं तसं काही नाही. म्हणजे अँटिबायोटिकही नाही.

बाबांचा चेहरा पडलेला दिसतो. 'डॉक्टर, एखादं स्ट्राँग औषध लिहा ना.'

'लिहायला मला दोन सेकंद लागतील, दादा. उद्या परत आणा, पुन्हा मोजते. आणि दूध प्यायचं सोडलं किंवा कण्हायला लागलं, तर उद्याची वाट बघू नका.'

त्याच आठवड्यात याच वयाच्या एका बाळाचे श्वास ६२ भरले. त्याला तडक कळव्याला मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. आमचा कॅमेरा त्या दिवशी नव्हता. बाळ आता घरी आहे.

साडेनऊ. दाराशी चपलांचे दोनच जोड उरलेत. ताई फ्रिजचं दार न उघडता बाहेरच्या तापमापकावरचा आकडा वाचतात आणि वहीत लिहितात, ५.