पाठकोरा कागद

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या पावसात आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. विषय ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या, खोडता न येणाऱ्या नोंदवहीचा आहे, पण सुरुवात मी एका बिलापासून करतो.

गेल्या वर्षी आम्ही घरची सहा माणसं कोकणात गेलो होतो. लॉजवर पोचताच काउंटरवरच्या मुलाने प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स मागितली. दिली. आपण सगळेच देतो. तिसऱ्या दिवशी निघताना त्याने बिल लिहून दिलं: खोल्यांचं भाडं, थाळ्या, सोलकढी. कागद सहज उलटला, तर मागे एका आजींचं आधार! फोटो, जन्मतारीख, पत्ता, बाराच्या बारा आकडे. पाठकोरा कागद होता तो. माझ्या आईने वाणसामानाच्या याद्या आयुष्यभर पाठकोऱ्या कागदांवरच केल्या, त्यामुळे त्या मुलावर मी रागावूही शकलो नाही. त्याने काटकसर केली होती. पण त्या आजींना हे कधी कळणारही नाही. आणि आमच्या सहा झेरॉक्स कुणाच्या बिलाला लागल्या असतील?

आधारच्या विरोधात बोलायला मी आलेलो नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ज्यांच्या हातात दाखवायला एकही कागद नव्हता, त्यांना तो मिळाला. दुखणं वेगळं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण रात्री दहा वाजता, कडेवर झोपलेलं मूल घेऊन काउंटरपाशी उभं असताना तो बजावायचा कसा? मे २०२२ मध्ये सरकारी पत्रक निघालं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. हॉटेलांचा त्यात नावाने उल्लेख होता. लोक घाबरले, आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. मला वाटतं, त्याची भाषा सुधारायला हवी होती, सल्ला मागे घ्यायला नको होता.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्द्यावर येतो.

झेरॉक्सऐवजी डिजिटल दाखला वापरता येतो. तो देणारी संस्था आपल्या गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त तिच्याकडे असलेल्या एका लांबलचक आकड्याने, त्यावर डिजिटल सही करते. दाखला तुमच्या फोनमध्ये राहतो. तपासणारा संस्थेच्या जाहीर किल्लीने, म्हणजे तिच्याच सगळ्यांना खुल्या असलेल्या जोडीच्या आकड्याने, सही ताडून बघतो. दारात फक्त ‘अठरा पूर्ण आहेत का’ एवढंच विचारायचं असेल, तर जन्मतारीख न दाखवता तेवढंच सिद्ध करता येतं. मग ब्लॉकचेनवर काय? संस्थेची जाहीर किल्ली आणि रद्द झालेल्या दाखल्यांची नोंद. बस.

तुमचं नाव, फोटो, बोटांचे ठसे तिथे जाता कामा नयेत. ब्लॉकचेनवर लिहिलेलं खोडता येत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. आधार क्रमांकाचा नुसता हॅशही, म्हणजे गणिताने त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसाही नको. बारा आकड्यांच्या सगळ्या शक्यता संगणक तपासून बघू शकतो, आणि मूळ क्रमांक शोधून काढू शकतो. ‘सगळं ब्लॉकचेनवर टाका, सुरक्षित राहील’ असं सांगत कुणी आलं, तर त्याला हे ऐकवा.

हे हवेतलं नाही. अशा ओळखीचं मानक डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, जुलै २०२२ मध्ये मंजूर केलं. भूतानने २०२३ मध्ये याच तत्त्वावर राष्ट्रीय डिजिटल ओळख सुरू केली. आपल्या गडचिरोलीत, एटापल्लीला, जातीच्या दाखल्यांची खातरजमा व्हावी म्हणून २०२२ मध्ये पॉलिगॉन नावाची ब्लॉकचेन वापरली गेली.

फोन हरवला तर? समोरच्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न हाच असणार. जुना दाखला रद्द करून नव्या फोनमधल्या नव्या किल्लीवर नवा घेता येतो. पण त्याची सोय गावातल्या सेतू केंद्रात हवी, नाहीतर त्या आजींना याचा काय उपयोग?

वेळ संपली. अशी सोय होईपर्यंत कुणी झेरॉक्स मागितली, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. ते आजही डाउनलोड होतं. कसं करायचं ते चहाच्या वेळी मी फोनवर दाखवतो.